उष्णतामान आणि सशाचे खाणेपिणे

मुंबई उपनगरातील सांताक्रूझ येथील वेधशाळेत 14 एप्रिल 1952 रोजी पारा 42.2 अंश सेल्सिअसपर्यंत चढला होता. 22 जानेवारी 1962 रोजी तो 7.4 अंशांपर्यंत उतरला. एरवी एप्रिल-मे महिन्यांत तेथील दुपारचे उष्णतामान 33 अंशांच्या आसपास असते. अशा हवेत पाळीव सशाचे खाणेपिणे कसे बदलते, हे शाळेत ससा पाळणाऱ्या शिक्षकांस ठाऊक असणे अवश्य आहे.

मनुष्याचा घाम वाळताना शरीर निवते. सशास घाम जवळजवळ येतच नाही. तो शरीरातील उष्णता लांब कानांवाटे व जलद श्वासोच्छ्वासावाटे बाहेर टाकतो. हवाच शरीराइतकी तापली, की कानांचा उपयोग उरत नाही. किनाऱ्याच्या दमट हवेत श्वासावाटेही पुरेसा निवारा होत नाही. शिवाय अन्न पचतानाही उष्णता उत्पन्न होते. म्हणून उन्हाळ्यात ससा आपण होऊन खाणे कमी करतो व पाणी अधिक पितो. थंडीत ऊब राखण्यासाठी तो अधिक खातो.

वाढत्या वयाच्या सशांवरील एका प्रयोगात दररोजचे प्रमाण सुमारे असे आढळले: 5 अंशांस खाद्य 180 ग्रॅम व पाणी 330 ग्रॅम, 18 अंशांस 160 व 270, 30 अंशांस 120 व 390. म्हणजे 18 अंशांस खाद्याच्या पावणेदोनपट असलेले पाणी 30 अंशांस तिपटीहून अधिक झाले.

हिरवा पाला खाणाऱ्या सशास पाणी नको, असे समजू नये. पाणी संपले, की तो कोरडे खाद्यही लवकरच सोडतो. पिंजरा सावलीत व वाऱ्यावर असावा. पाण्याचे भांडे जड असावे व ते सकाळ-संध्याकाळ धुऊन भरावे. ससा स्वभावतः सायंकाळी व रात्री खातो. यास्तव मुख्य खाद्य तेव्हाच द्यावे. तो धापा टाकून निपचित पडल्यास त्यास थंड जागी न्यावे, कान साध्या पाण्याने ओले करावे व पशुवैद्यास दाखवावे. गारव्यातही त्याने दिवसभर काहीच न खाल्ल्यास तो आजारी समजावा.

वर्गासाठी एक सोपा प्रयोग आहे. मोजलेले पाणी दोन सारख्या भांड्यांत ठेवावे. एक सशापुढे, दुसरे पिंजऱ्याबाहेर त्याच सावलीत. दुसऱ्या भांड्यातील घट म्हणजे वाफ झालेले पाणी. ती पहिल्यातील घटीतून वजा केली, की सशाने प्यालेले पाणी कळते. त्याच्या शेजारी रोजचे उष्णतामान मांडल्यास, आठवड्याभरात मुलांना हा संबंध स्वतःच्या आकड्यांत दिसू लागेल.