ग्रामोफोनमधून ‘धप्प’ असा आवाज का येतो? चावीच्या मोटरची सर्व्हिसिंग कशी करतात?

माळ्यावरून आजोबांचा ग्रामोफोन खाली काढला. चावी भरली, रेकॉर्ड फिरू लागली आणि अर्ध्या गाण्यात आतून ‘धप्प’ असा आवाज आला. गाणं रेंगाळलं. अशा वेळी घरात कुणीतरी म्हणतंच, ‘चावी जास्त भरली, स्प्रिंग गेली!’ पण बऱ्याचदा स्प्रिंग शाबूत असते. खरा दोष असतो वाळलेल्या ग्रीसचा.

विजेशिवाय रेकॉर्ड फिरते कशी?

१८७७ मध्ये एडिसनने बनवलेला पहिला फोनोग्राफ हाताने फिरवावा लागायचा. हाताचा वेग बदलला की आवाजही बदलायचा. १८९० च्या दशकात स्प्रिंगवर चालणाऱ्या मोटरमुळे ही अडचण दूर झाली.

या मोटरमध्ये एका गोल डब्यात लांबलचक पोलादी पट्टी गुंडाळलेली असते. चावी भरली की ती आवळली जाते आणि सैल होताना गिअर फिरवते. वेग आवरण्याचं काम गव्हर्नर करतो. वेग वाढला की त्याची छोटी वजनं बाहेर फेकली जातात, त्यामुळे एक चकती सरकून नमद्याच्या किंवा चामड्याच्या तुकड्यावर घासते आणि वेग पुन्हा खाली येतो.

मग ‘धप्प’ का होतं?

पट्टीचे वेढे एकमेकांवरून सहज सरकावेत म्हणून त्यात ग्रीस भरतात. वर्षानुवर्षं पडून राहिलं की ते घट्ट होतं. वेढे चिकटतात आणि मग झटक्यात सुटतात. तोच हा आवाज. वरून तेल किंवा स्प्रे मारून उपयोग होत नाही, कारण डबा उघडल्याशिवाय जुनं ग्रीस निघत नाही.

सर्व्हिसिंग कशी होते?

१. ब्रेक सोडून मोटर आपोआप थांबेपर्यंत फिरू देतात. चावी भरलेली असताना गव्हर्नर काढला, तर सगळा जोर एकदम सुटून गिअरचे दाते तुटू शकतात.

२. मोटर पेटीतून काढून डबा उघडतात. हीच सगळ्यात धोक्याची पायरी आहे. मोटर थांबली तरी चिकटलेल्या पट्टीत ताण उरलेला असू शकतो आणि डब्यातून सुटलेली पट्टी हात कापू शकते. जाड हातमोजे आणि चष्मा हवाच. अनुभव नसेल तर हे काम जाणकार कारागिराकडेच द्यावं.

३. पट्टी रॉकेलने धुऊन, पुसून, तिला कुठे तडा गेलाय का ते बघतात. तडा बहुधा टोकाच्या भोकापाशी असतो. मग नवं ग्रीस लावून ती परत डब्यात बसवतात.

४. गव्हर्नरच्या टोकांना आणि नमद्याला हलक्या तेलाचे एक-दोन थेंब देतात.

काम नीट झालं हे कसं ओळखायचं?

रेकॉर्डखाली कागदाची पट्टी बाहेर डोकावेल अशी ठेवा, सुई टेकवा आणि एका मिनिटात ती किती वेळा समोरून जाते ते मोजा. जुन्या बहुतेक रेकॉर्डसाठी आकडा ७८ च्या आसपास हवा. कमी भरला तर आवाज जाड येतो, जास्त भरला तर चिरका. वेगाचा खटका किंचित सरकवून आकडा जुळवला की बालगंधर्वांचं पद त्यांच्याच पट्टीत ऐकू येतं.