दुसऱ्याची थैली

लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातले गोल्फचे मैदान बडोदेकरांपैकी बहुतेकांनी लांबूनच पाहिले असेल. मी लहानपणी तेथे हरवलेले चेंडू शोधून देत असे. पुढे तोच माझा धंदा झाला. "कॅडी म्हणजे हमालच ना?" असे नातेवाईक विचारतात. दिल्लीचा अली शेर हेच काम करता करता खेळाडू झाला आणि १९९१ साली इंडियन ओपन जिंकला, हे त्यांच्या गावीही नसते.

आमचा आठवडा सोमवारी परगावी सुरू होतो. मंगळवार-बुधवार मैदान पावलांनी मोजायचे आणि उतार, वाळू, पाणी सारे वहीत टिपायचे. गुरुवारपासून सामना. थैलीत क्लब चौदाच. पण त्यांतला कोणता घ्यावा, हे खेळाडू आम्हांला विचारतो.

गेल्या खेपेस शुक्रवारी शेवटचा खळगा राहिला होता. पुढे तळे, दोहों बाजूंना उंच झाडे. साहेबांनी विचारले, "सहा की सात?" समोरचा वारा पडलासे वाटून मी म्हणालो, "सात." चेंडू तळ्यात गेला. एका फटक्याने आम्ही बाद झालो. शनिवार-रविवारचा खेळ गेला, बक्षीस गेले आणि त्यातला माझा वाटाही. हाती उरली ठरलेली मजुरी.

साहेब एवढेच म्हणाले, "फटका मी मारला."

रात्री गाडीत मी वहीत लिहिले : 'येथे वारा झाडांच्या शेंड्यांवर पाहावा.' सोमवारी त्यांचा फोन आला, "वही घेऊन ये."