जॅझ गिटार: तीन कॉर्डपासून सुरुवात

मुंबईत १९३६ मध्ये जन्मलेले, मूळ गोव्याच्या कुटुंबातले गिटारवादक अमान्सिओ डिसिल्व्हा यांचा ‘इंटिग्रेशन’ हा अल्बम १९६९ मध्ये लंडनमध्ये तयार झाला. भारतीय सुरावट आणि जॅझ त्यात एकत्र नांदतात. सोलापुरात घरबसल्या जॅझ शिकणाऱ्याने कान तयार करायला तो जरूर ऐकावा.

हातासाठी डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन हा क्रम घ्यावा. प्रत्येक कॉर्डमधला मूळ, तिसरा आणि सातवा एवढेच सूर वाजवायचे. पहिल्यातला ‘सी’ दुसऱ्यात अर्धा सूर उतरून ‘बी’ होतो, ‘एफ’ जागेवरच राहतो. तिसऱ्यात तोही अर्धा सूर उतरून ‘ई’वर येतो. बोटांची धावपळ वाचते.

मेट्रोनोमचा ठोका दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर धरावा. सुरुवातीला लय संथच ठेवावी.