टाक्यांवर उभी राहिलेली होडी

गेल्या पावसाळ्यात मी जेवणाच्या टेबलावर एक होडी शिवली. पुठ्ठ्याची, हातभर लांबीची. पोहता न येणाऱ्या माणसाने होड्यांच्या नादाला याहून जास्त लागू नये, असं घरच्यांचं मत. मला मात्र एक कोडं सुटत नव्हतं. ज्याने कधी रंधा धरलेला नाही, त्याने घरात पहिलीच शिडाची होडी बांधावी आणि ती नीट चालावी, हे घडतं कसं?

इंग्लंडात ते खरोखर घडलं. ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राच्या पाठबळावर दोघांनी ‘मिरर’ ही होडी सिद्ध केली: बीबीसीवर घरदुरुस्ती शिकवणारे बॅरी बकनेल आणि होड्यांचे नामवंत आराखडेकार जॅक होल्ट. जानेवारी १९६३च्या लंडन बोट शोमध्ये ती लोकांपुढे आली. लांबी १० फूट १० इंच, वजन सुमारे ४५ किलो, शिडं लाल. घरी जोडायचा संच ६३ पौंड ११ शिलिंगांना मिळे. पुढे अशा सत्तर हजारांवर होड्या झाल्या.

जुन्या रीतीत आधी तळाचं लांब लाकूड, मग बरगड्या, मग त्यांवर वाकवलेल्या फळ्या. आकार सांगाड्यात असतो आणि सांगाडा सुताराच्या नजरेत. मिररला असा सांगाडा आधी उभारावा लागत नाही. प्लायवुडचे सपाट तुकडे कापायचे, कडांना भोकं पाडायची आणि तांब्याच्या तारेने कडेला कड शिवायची. (शाळेत सुतारकाम शिकवणाऱ्या केन लिटलडाइक यांनी कयाक आधीच अशा शिवल्या होत्या.) मग आतून सांध्यावर काचतंतूची पट्टी राळेने चिकटवायची. राळ घट्ट झाली की बाहेरचे टाके कापून टाकायचे आणि तिथेही पट्टी लावायची.

हे वाचताना मला आईचं ब्लाउज बेतणं आठवलं. दोन तुकड्यांच्या कडा वेगवेगळ्या वळणाच्या कापायच्या आणि शिवताना एकमेकींना भिडवायच्या. फुगवटा आपोआप येतो. फरक एवढाच की कापड थोडंफार ताणलं जातं, प्लायवुड नाही. ते पन्हळीसारखं एकाच दिशेने वळतं. चेंडूसारखं फुगवू गेलात तर तडकतं. त्यामुळे होडीचा आकार त्या कापलेल्या कडेच्या रेषेत साठवलेला असतो. रेषा बरोबर असेल तर अडाण्याच्या हातूनही होडी उभी राहते.

निदान मला तसं वाटलं होतं. माझी पहिली होडी पिळवटली. टेबलावर ठेवली की एक कोपरा वर. मी एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरीला हात घातला होता. खऱ्या कामात टाके आधी सैल ठेवतात, आडवे पडदे बसवतात, मागे उभं राहून दोन्ही टोकांच्या कडा समांतर दिसतात का ते पाहतात आणि मगच तारा पिळतात. राळ सुकल्यावर पीळ निघत नाही. म्हणजे रेषा होल्ट यांची असली, तरी शेवटची नजर बांधणाऱ्याचीच.

आपल्या पश्चिम किनाऱ्यालाही शिवलेल्या होड्या ठाऊक आहेत. तिथे काथ्याचा टाका कायमचा असतो, तोच फळ्या धरून ठेवतो. मे २०२५मध्ये कारवारला नौदलात दाखल झालेलं ‘कौंडिण्य’ हे जहाज तसंच, गोव्यात बांधलेलं. केरळच्या कारागिरांनी बाबू शंकरन यांच्या हाताखाली ते शिवलं. पाचव्या शतकातल्या त्या घाटाचे आराखडे उरलेले नाहीत. आकार अजिंठ्याच्या एका चित्रावरून ठरवावा लागला. मिररची रेषा कागदावर होती, म्हणून ती कुणाच्याही घरी पोचली. आपल्याकडची रेषा कारागिराबरोबर गेली, ही मला खरी हानी वाटते.

माझी दुसरी होडी टेबलावर सपाट बसली. आता प्लायवुडची करावी म्हणतो. गच्ची मोजली, पुरेशी आहे. अडचण जिन्याची. मिरर ४ फूट ७ इंच रुंद आणि आमचा जिना तीन फुटांचा.