अग्निबाण स्वस्त कसे झाले?

हवामानाचा अंदाज, दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण, भ्रमणध्वनीवरील नकाशा या सर्वांमागे कृत्रिम उपग्रह असतात, हे आता खेड्यातील मुलांनाही ठाऊक असते. परंतु उपग्रह वर नेणे पूर्वी इतके महाग का होते व अलीकडे ते स्वस्त कसे झाले, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले असता ‘विज्ञानाची प्रगती’ एवढे उत्तर देऊन भागत नाही. त्यामागील कारण मुलांना हिशेबाने पटवून देता येते.

पृथ्वीभोवती फिरत राहण्यासाठी उपग्रहास ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेग द्यावा लागतो. त्यासाठी अग्निबाण टप्प्याटप्प्यांचा करतात. खालच्या टप्प्यातील इंधन संपले की तो गळून पडतो व उरलेला हलका भाग पुढे जातो. हे गळलेले टप्पे बहुधा समुद्रात पडून नष्ट होत. खरा खर्च इंधनाचा नसून या टप्प्यांतील इंजिनांचा असे. बाजारात माल उतरवून गाडी तेथेच मोडून टाकावी आणि पुढच्या बाजाराला नवी गाडी करावी, तसाच हा व्यवहार होय.

अमेरिकेतील स्पेसएक्स या खाजगी कंपनीने हा व्यवहार बदलला. २००६ ते २००८ या काळात तिचे पहिले तीन अग्निबाण अयशस्वी ठरले. सप्टेंबर २००८ मध्ये चौथा कक्षेत पोहोचला व त्याच वर्षअखेर अंतराळस्थानकास माल पोहोचविण्याचे मोठे सरकारी कंत्राट तिला मिळाले. डिसेंबर २०१५ मध्ये तिच्या फाल्कन-९ चा पहिला टप्पा फ्लोरिडात जमिनीवर उभाच्या उभा उतरला. मार्च २०१७ मध्ये पूर्वी वापरलेल्या टप्प्याने पुन्हा यशस्वी उड्डाण केले. २०२४ पर्यंत एकेका टप्प्याची वीसहून अधिक उड्डाणे झाली.

या टप्प्यात नऊ इंजिने असून शुद्ध केलेले रॉकेल द्रवरूप प्राणवायूच्या साहाय्याने जाळले जाते. काही इंधन परतीसाठी राखून ठेवतात. खाली येताना इंजिने पुन्हा पेटवून वेग कमी केला जातो व शेवटी पाय उघडतात. राखीव इंधनामुळे वर नेता येणारा भार मात्र घटतो.

केवळ परत आणल्याने स्वस्ताई येत नाही, हेही सांगावे. १९८१ ते २०११ या काळात अमेरिकेची ‘स्पेस शटल’ याने परत येत असत. परंतु प्रत्येक फेरीनंतरची डागडुजी इतकी खर्चिक होती की अपेक्षित बचत झाली नाही. शिवाय, उड्डाणे वाढल्याने कक्षांत उपग्रहांची गर्दी व टकरींची भीती वाढली आहे.

भारतातही खाजगी प्रयत्नास आरंभ झाला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये स्कायरूट या कंपनीचा ‘विक्रम-एस’ अग्निबाण श्रीहरिकोटा येथून उडाला. तो कक्षेत जाणारा नव्हता.

इयत्ता चौथीत पुढील काल्पनिक उदाहरण घालावे. टप्पा बांधण्यास १,००० रुपये व प्रत्येक पुनर्वापरापूर्वी दुरुस्तीस १०० रुपये लागतात. दर वेळी नवा टप्पा वापरल्यास दहा फेऱ्यांना १०,००० रुपये लागतील. तोच टप्पा वापरल्यास १,९००. नंतर दुरुस्तीचा खर्च १,००० रुपये धरून मुलांना पुन्हा हिशेब करावयास सांगावे. बचत शून्य झालेली पाहून शटलचे अपयश व फाल्कनचे यश यांतील भेद त्यांना आपणच उमगेल.