शाळेचा माल, अनोळखी गिऱ्हाईक

जपानमध्ये शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि मार्चमध्ये संपतं. त्यामुळे शरद ऋतू येतो तो वर्षाच्या ऐन मध्यावर. तिथल्या व्यावसायिक उच्च माध्यमिक शाळांच्या म्हणजे शेतकी, औद्योगिक, वाणिज्य, मत्स्यव्यवसाय, गृहविज्ञान अशा शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी वर्षातला सगळ्यांत गजबजलेला काळ हाच. शेवटच्या वर्षातल्या मुलामुलींसाठी त्याची सुरुवात होते १६ सप्टेंबरला. कंपन्यांची मागणीपत्रं १ जुलैपासून शाळेत येऊ लागतात, ५ सप्टेंबरपासून अर्ज जातात आणि १६ सप्टेंबरपासून लेखी परीक्षा नि मुलाखती सुरू होतात. कोरोनाच्या वर्षी हे वेळापत्रक महिनाभर पुढे गेलं होतं, एरवी ते पाळलं जातं. शिक्षण खातं, कामगार खातं, मुख्याध्यापकांच्या संघटना आणि उद्योजक यांनी मिळून तारखा ठरवलेल्या असल्यामुळे एखाद्या बड्या कंपनीलाही घाई करून चांगली मुलं आधीच उचलता येत नाहीत. मुलाखतींचा ताण उतरतो न उतरतो तोच ऑक्टोबरमध्ये शेतकी शाळांचं राष्ट्रीय संमेलन येतं, इलेक्ट्रिशियनच्या परवान्याची लेखी परीक्षा येते, नोव्हेंबरमध्ये जमाखर्चाची परीक्षा आणि औद्योगिक शाळांची राष्ट्रीय कौशल्य स्पर्धा. या सगळ्याच्या मधोमध, अनेक ठिकाणी ३ नोव्हेंबरच्या ‘संस्कृती दिना’च्या आगेमागे, शाळेचा महोत्सव भरतो. त्याला तिकडे बुंकासाई म्हणतात.

बुंकासाई साध्या शाळांतही असते. वर्ग सजवणं, नाटक, गाणी, खाण्याचे ठेले असा तिचा थाट असतो आणि अभ्यासातून मिळालेला विसावा म्हणून तिच्याकडे पाहिलं जातं. व्यावसायिक शाळांतल्या महोत्सवाकडेही पुष्कळ लोक याच नजरेने पाहतात. माझं म्हणणं असं की तिथे ही नजर चुकते. व्यावसायिक शिक्षणातला सर्वांत कठीण धडा वर्गात किंवा वर्कशॉपमध्ये देताच येत नाही, कारण त्यासाठी एक अनोळखी माणूस लागतो. ज्याला मुलाचं नाव ठाऊक नाही, त्याच्या प्रगतीशी ज्याला देणंघेणं नाही आणि ज्याला फक्त हातातली वस्तू चांगली हवी आहे, असा माणूस. शरदातले हे उपक्रम त्या माणसाला शाळेच्या दारात आणून उभं करतात. म्हणून ते अभ्यासक्रमाबाहेरचे मानणं चूक आहे. अभ्यासक्रम पुरा होतो तो तिथेच.

वाणिज्य शाळांचं उदाहरण घेऊ. अनेक वाणिज्य शाळा शरदात एक-दोन दिवस आपली इमारतच दुकान करून टाकतात. व्यायामशाळेत आणि वर्गांत विभाग मांडले जातात आणि गावातली माणसं पिशव्या घेऊन येतात. त्याची तयारी महिनोन् महिने आधी सुरू झालेली असते. कोणता माल घ्यायचा, किती घ्यायचा, कोणत्या भावाने घ्यायचा, हे मुलं स्थानिक दुकानदारांशी आणि घाऊक व्यापाऱ्यांशी बोलून ठरवतात. जाहिरात त्यांची, गल्ल्यावर बसणारी तीच, तक्रार घेऊन आलेल्या आजींची समजूत काढणारीही तीच. काही ठिकाणी तर विद्यार्थी शेअर काढून भांडवल उभं करतात. पाठ्यपुस्तकातला ताळेबंद नेहमी जुळतो, कारण तो जुळावा अशाच बेताने उदाहरण रचलेलं असतं. विक्रीच्या संध्याकाळी मात्र गल्ल्यातली रोकड आणि कागदावरची विक्री यांत तफावत निघते, एका विभागात माल दुपारीच संपलेला असतो आणि दुसऱ्यात ढीग शिल्लक राहिलेला असतो. हा उरलेला माल हे फार मोठं शिक्षण आहे. मागणीचा अंदाज चुकला म्हणजे काय होतं, हे वाक्य म्हणून पाठ करणं वेगळं आणि न विकलेले डबे मोजून परत खोक्यांत भरणं वेगळं. नोव्हेंबरमधल्या जमाखर्चाच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलीला ‘अखेरचा साठा’ ही नोंद तेव्हा निराळी दिसत असणार.

शेतकी शाळांत हाच महोत्सव सुगीचा सण होतो. मुलांनी पिकवलेला तांदूळ, भाज्या, फुलं, त्यांनीच बनवलेला मुरांबा आणि हॅम घ्यायला लोक रांगा लावतात. या मुलांच्या राष्ट्रीय संघटनेची स्थापना १९५० सालची. तिच्या वार्षिक संमेलनात प्रकल्प मांडले जातात, जमीन मोजणीची स्पर्धा होते, आणि बियाणं, रोग, कीड, अवजारं यांचे नमुने ओळीने मांडून ठरावीक सेकंदांत ते ओळखायला लावतात. हिरोमू आराकावा यांच्या ‘सिल्व्हर स्पून’ या मांगाने म्हणजे जपानी चित्रकथेने (२०११ ते २०१९) हे जग घराघरांत पोहोचवलं. लेखिका स्वतः होक्काइदोतल्या शेतकी शाळेत शिकलेल्या, त्यामुळे आपण वाढवलेल्या डुकराचं पुढे मांस होणार, या प्रश्नाला त्यांच्या कथेने बगल दिली नाही. शहरातल्या मुलाला असा प्रश्न पंधराव्या-सोळाव्या वर्षी पडणं, हे शिक्षणाचं फार मोठं काम आहे असं मला वाटतं.

मात्र सर्वांत बोलकं उदाहरण मत्स्यव्यवसायाच्या शाळेचं आहे. फुकुई प्रांतातल्या ओबामा गावच्या मत्स्यव्यवसाय शाळेत मुलं मॅकरल म्हणजे आपल्याकडच्या बांगड्याच्या जातकुळीतला मासा डब्यात भरत असत. अन्नसुरक्षेची कडक पद्धत तिथे अमलात आल्यावर, ही पद्धत मुळात अंतराळवीरांच्या अन्नासाठी आखली गेली होती असं मुलांच्या लक्षात आलं. मग आपला डबाही अंतराळात का जाऊ नये, असं त्यांनी ठरवलं. अडचण रश्श्याची होती. वजनरहित अवस्थेत त्याचे थेंब उडतात आणि यंत्रांत जातात. मुलांनी कुझू नावाच्या वेलीच्या कंदाचं सत्त्व घालून रस्सा दाट केला, किती दाट केला तर चव टिकते याचे प्रयोग केले आणि नोंदी पुढच्या तुकडीच्या हाती दिल्या. मधल्या काळात, २०१३ साली, ही शाळाच वाकासा उच्च माध्यमिक शाळेत विलीन झाली, तरी काम थांबलं नाही. २०१८ साली जपानच्या अंतराळ संस्थेने डब्याला मान्यता दिली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये अंतराळवीर सोइची नोगुची यांनी अंतराळ स्थानकात तो उघडून खाल्ला. प्रयोग सुरू करणारी मुलं तोवर शाळा सोडून संसाराला लागली होती. आपलं नाव लागणार नाही अशा कामात नेटकी नोंद ठेवून ते दुसऱ्याच्या हवाली करणं, हा कारखान्यातला आणि प्रयोगशाळेतला पहिला गुण. तो शिकवण्यासाठी याहून चांगली रचना मला सुचत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो वेळेचा. दुकानं मांडण्यात आठवडे गेले तर गणित, भाषा, विज्ञान यांचं काय? आक्षेप खोटा नाही. तीन वर्षांत सामान्य विषय आणि व्यवसाय दोन्ही बसवायचे असल्याने या मुलांचा विज्ञानाचा पाया साध्या शाळांतल्या मुलांपेक्षा कमी पडतो, आणि पुढे विद्यापीठात जाणाऱ्यांना ते जाणवतं. मात्र त्या पायाला धक्का महोत्सवामुळे लागत नाही. रश्श्याचा दाटपणा मोजणारी मुलं रसायनशास्त्रच शिकत होती. वेळ खरा वाया जातो तो दरवर्षी तेच सामान आणून तेच विकणाऱ्या, आधीच्या वर्षाचे हिशेब उघडूनही न पाहणाऱ्या महोत्सवात, आणि त्याचा दोष शिक्षकांच्या आळसाकडे जातो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो आपल्या घरचा आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी बोलावलेल्या शिक्षण परिषदेत, मुलांनी बनवलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शिक्षकांचा पगार निघावा, ही कल्पना पुढे आली. नई तालीमचा आराखडा तयार करणाऱ्या झाकीर हुसेन समितीनेच मग अहवालात इशारा दिला की आर्थिक बाजूवर भर पडला तर शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त श्रम काढून घेण्यामागे लागतील. विक्री आली की राबवणूक येऊ शकते, ही भीती तेव्हा रास्त होती आणि आजही आहे. उत्तर पैशाच्या वाटेत सापडतं. जपानमधल्या सरकारी शाळांच्या शिक्षकांचा पगार सरकार देतं, विक्रीवर शाळा चालत नाही. मिए प्रांतातल्या ओउका शाळेच्या पाककला विभागाची मुलं २००२ पासून ताकी गावात सुट्टीच्या दिवशी एक उपाहारगृह चालवतात. ते एवढं गाजलं की २०११ साली त्यावर दूरदर्शन मालिका आली. तिथेही मुलांचा वर्ग सोमवारी भरतोच. खप वाढला म्हणून वर्ग बुडू लागले, तर त्या दिवशी शाळेचं दुकान बंद करावं, असं मी निःसंकोच म्हणेन.

तिसरा आक्षेप निकालाचा. शाळेतून थेट नोकरीला लागलेल्या जपानी मुलांपैकी सुमारे ३७-३८ टक्के तीन वर्षांच्या आत पहिली नोकरी सोडतात. मग एवढा खटाटोप कशासाठी? पदवीधरांतही हे प्रमाण तिसाच्या पुढे आहे, हे आधी ध्यानात घ्यावं. दुसरं, यातला मोठा दोष भरतीच्या रीतीत आहे. बहुतेक प्रांतांत सुरुवातीला मुलाने एकाच कंपनीकडे अर्ज करायचा असतो आणि तो शाळेच्या शिफारशीने जातो. अकिता, ओकिनावा इथे एकाहून जास्त अर्जांना मुभा आहे, अलीकडे ओसाका आणि वाकायामानेही नियम सैल केले. सतराव्या-अठराव्या वर्षी मागणीपत्रावरच्या चार ओळी वाचून आयुष्याचं काम निवडायला लावणं अन्यायाचं आहे. महोत्सव हा दोष दूर करत नाही. पण ज्या मुलीने उभं राहून दिवसभर गिऱ्हाईक सांभाळलं आहे, तिला आपल्याला माणसांत राहायला आवडतं की यंत्राशी, याचा थोडा तरी अंदाज आलेला असतो. त्यासाठी हे अनुभव शेवटच्या शरदाची वाट न पाहता पहिल्याच वर्षापासून यायला हवेत.

या शाळांची संख्या आणि प्रतिष्ठा जपानमध्येही घसरली आहे. १९७० च्या आसपास उच्च माध्यमिक शाळांतले सुमारे ४० टक्के विद्यार्थी व्यावसायिक शाखांत होते, आता ते प्रमाण वीस टक्क्यांच्या आत आहे. कमी गुणांची मुलं तिकडे जातात, हा शिक्का तिथेही आहे. महाराष्ट्रात तो जास्तच ठळक आहे. अकरावी-बारावीच्या स्तरावर किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम आपण १९८८-८९ मध्ये सुरू केले, आणि पाबळच्या विज्ञान आश्रमाने त्याच्याही आधी, १९८३ पासून, हाताने काम करत शिकण्याची वाट दाखवली. तरी १९ ते २४ वयोगटातल्या पाच टक्क्यांहून कमी कामगारांना औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळाल्याचं २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण नोंदवतं. शिक्का पुसायला भाषणं उपयोगी पडत नाहीत. मुलाने दुरुस्त केलेला पंखा जो माणूस घरी नेऊन फिरवतो, त्याचं मत बदलतं.

आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळांत आनंद मेळाव्यात चौथीची मुलं भाजी विकतात, हिशेब करतात आणि पालक कौतुकाने जातात. खंडेनवमीला आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये लेथ आणि वेल्डिंगच्या यंत्रांना हार घातले जातात, पण तिथे गावाला बोलावणं नसतं. आयटीआयच्या प्राचार्यांना आणि व्यवसाय शाखा चालवणाऱ्या संस्थांना विनंती आहे की दसरा आणि दिवाळी यांच्यामधला एक रविवार निवडा. फाटक उघडा, पंप, मिक्सर, सायकली, शिवणयंत्रं घेऊन लोकांना येऊ द्या, मुलांना दर ठरवू द्या, पावती फाडू द्या आणि बिघडलेलं काम पुन्हा करून द्यायला लावा. हिशेब फलकावर लावा आणि पुढच्या तुकडीसाठी जपून ठेवा. आणि वाचकहो, असं बोलावणं आलं तर जरूर जा, मात्र ओळखीची म्हणून मुलांना सवलत देऊ नका.