प्रौढ माणूस शिकायला का येतो?

पुष्कळांची अशी समजूत असते की, शिकण्याचे वय एकदा गेले म्हणजे गेले. ओल्या मातीला आकार देता येतो, भाजलेल्या मडक्याला देता येत नाही, असा दाखलाही ते वर देतात. दाखला ऐकायला बरा आहे. पण माणूस म्हणजे काही मडके नव्हे. चाळिशीचा शेतकरी बिघडलेला पंप खोलून पुन्हा जोडायला शिकतो. पन्नाशीची बाई बचत गटाचा हिशेब सांभाळू लागते. सत्तरीचे आजोबा नातवाजवळ बसून मोबाईलवरून पैसे कसे पाठवायचे ते शिकून घेतात, आणि दोनदा चुकले तरी तिसऱ्यांदा विचारायला लाजत नाहीत. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1928 साली या विषयावर एक ग्रंथच लिहिला. वयाबरोबर शिकण्याचा वेग थोडाफार मंदावतो, पण शिकण्याची ताकद संपत नाही, असे त्याने प्रयोगांवरून दाखवले.

मग अडते कुठे? रात्रीचा वर्ग सुरू होतो, पहिल्या दिवशी तीस माणसे येतात, महिन्याने नऊ उरतात, आणि पुढे कंदील लावून गुरुजी एकटेच बसतात. हे चित्र आपल्याकडे गावोगाव दिसले आहे. अशा वेळी गुरुजी म्हणतात, ‘लोकांना शिकायचंच नाही.’ लोक म्हणतात, ‘तिथं जाऊन करायचं काय?’ या दोन वाक्यांपैकी मला दुसरे अधिक महत्त्वाचे वाटते. तो प्रश्न आहे, आणि त्याला उत्तर दिले पाहिजे.

लहान मुलाला शाळेत पाठवावे लागते. बापाचा धाक असतो, घंटा असते, हजेरीपट असतो. प्रौढ माणूस मात्र आपल्या पायांनी येतो, आणि पटले नाही तर आपल्याच पायांनी उठून जातो. एवढा एक फरक ध्यानात ठेवला तरी प्रौढ शिक्षणाची निम्मी तत्त्वे आपोआप समजतात. पाश्चात्य देशांत या विचाराचे शास्त्रच तयार झाले. एडवर्ड लिंडमन यांनी 1926 साली त्याचा पाया घातला, आणि पुढे 1970च्या सुमारास माल्कम नोल्स यांनी त्याची नीट मांडणी केली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : मोठ्या माणसाला हे का शिकायचे ते आधी कळले पाहिजे. तो आपल्या संसाराचा कर्ता असतो, तेव्हा वर्गात त्याला पोरासारखे वागवले तर ते त्याला सोसत नाही. त्याच्या गाठीला आयुष्याचा अनुभव असतो, त्या अनुभवाला वर्गात जागा हवी. आणि आज शिकलेले वीस वर्षांनी उपयोगी पडेल, या आश्वासनावर तो बसत नाही. उद्याच्या कामाला येईल असे त्याला हवे असते.

हे सारे आपल्याला पुस्तकातून शिकण्याची गरज नव्हती, असे कुणी म्हणेल. ते काही अंशी खरे आहे. आपल्याकडे कीर्तनकाराने शेकडो वर्षे हेच केले. न शिकलेल्या माणसांपुढे तो उभा राहिला. पण त्यांना अडाणी समजून नव्हे, तर त्यांच्याच घरातले, शेतातले दाखले देत. गाडगे महाराज तर कीर्तनात समोरच्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत.

याच बाबतीत पुण्याला 1956 साली एक प्रयोग झाला. तो प्रत्यक्ष रेडिओचाच असल्यामुळे त्याची हकीकत जरा सविस्तर सांगतो. युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने त्या वेळच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावे निवडली. प्रत्येक गावात वीसएक माणसांचे मंडळ केले. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी, अर्ध्या तासाचा कार्यक्रम. असे एकंदर वीस कार्यक्रम झाले. विषय शेती, आरोग्य, शिक्षण, गावाचा कारभार असे नेहमीचेच. नवे होते ते पुढचे. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि मंडळाने ऐकलेल्यावर चर्चा करायची. काय पटले, काय पटले नाही, आपल्या गावात यातले काय होण्यासारखे आहे, ते ठरवायचे. शंका उरल्या तर त्या केंद्राकडे लिहून पाठवायच्या, आणि केंद्राने पुढच्या कार्यक्रमात उत्तर द्यायचे. ही पद्धत मूळ कॅनडाची. तिकडच्या शेतकऱ्यांसाठी ती 1941 पासून देशभर चालत होती.

या प्रयोगाचे मोजमाप मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले आणि पॉल न्यूरॅथ या अभ्यासकाने त्याचा अहवाल लिहिला. त्यात तुलना होती ती तीन प्रकारच्या गावांची : मंडळ असलेली, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी, आणि रेडिओही नसलेली. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर लोकांना तेच प्रश्न विचारले. मंडळाच्या गावांत लोकांची माहिती ठळकपणे वाढलेली आढळली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत मात्र वाढ नगण्यच होती!

वाचकहो, यावर जरा थांबून विचार करा. रेडिओवाल्यांनीच केलेल्या प्रयोगाने सिद्ध काय झाले, तर नुसत्या रेडिओने भागत नाही. कानांवरून पुष्कळ जाते. पण शेजारच्या माणसाने ‘हे आपल्याकडं जमायचं नाही’ म्हटले, आणि आपण त्याला ‘का जमायचं नाही?’ असे विचारले, म्हणजे ऐकलेले आपले होते. शिवाय वाचता न येणारा माणूसही या मंडळात इतरांच्या बरोबरीने बोलू शकत होता. त्याला अक्षर येत नव्हते, पण अक्कल होती. प्रयोगाचे यश पाहून 1959 पासून ही मंडळे देशभर सुरू करण्यात आली. पुढे ती विरत गेली, ही गोष्ट वेगळी.

तर माणूस येतो कशासाठी? सिरिल हूल या अभ्यासकाने 1961 साली ‘जिज्ञासू मन’ अशा अर्थाच्या नावाचे एक लहानसे पुस्तक लिहिले. त्याने फक्त बावीस माणसांशी सविस्तर बोलणे केले. पण ही सगळी आपणहून सतत काहीतरी शिकत राहणारी माणसे होती. त्यांच्यात त्याला तीन प्रकार दिसले. काहींना एखादे निश्चित काम साधायचे असते. काही माणसे माणसांसाठी येतात. विषय कोणताही चालेल, चार जणांत बसायला मिळाले म्हणजे झाले. आणि काहींना शिकण्याचीच गोडी असते. आपल्या वर्गात बघा, तिन्ही प्रकार सापडतील. वाहन चालवण्याच्या परवान्यासाठी धडपडणारा तरुण पहिल्यातला. घरात दिवसभर कुणी बोलायला नाही म्हणून येणाऱ्या काकू दुसऱ्यातल्या. त्यांना हसू नका, वर्ग टिकतो तो बहुधा अशांच्याच जोरावर. तिसरा प्रकार दुर्मिळ, आणि तो शिक्षकाला प्रश्न विचारून बेजार करतो.

मला मात्र वाटते की, आपल्याकडे आणखी एक कारण आहे, आणि ते या तिन्हींच्या मुळाशी असते. ते म्हणजे अब्रू. बँकेत सगळ्यांसमोर अंगठ्याला शाई लावताना होणारा संकोच. कागदावर काय लिहिले आहे ते न कळता ‘इथं अंगठा कर’ म्हटल्यावर तो करावा लागणे. आणि त्या एका अंगठ्यापायी जमीन गेल्याची वाडवडिलांकडून ऐकलेली गोष्ट. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1855 साली पुण्यात आपल्या घरी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबलेली माणसे तिथे येत होती ती काही नोकरीच्या आशेने नव्हेत.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी 2016 साली आठ मार्चला आजीबाईंची शाळा सुरू झाली, तिचेही मूळ असेच. गावात शिवचरित्राचे वाचन झाले, तेव्हा म्हाताऱ्या बायकांनी बोलून दाखवले की, आम्हालाही हे वाचता आले असते तर! साठीच्या पुढच्या बायका गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन जाऊ लागल्या. या वयात त्यांना कोणता दाखला मिळवायचा होता? आपल्याला हवा तो ग्रंथ, दुसऱ्याची मनधरणी न करता, आपल्या डोळ्यांनी वाचायचा होता.

ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेरी यांनी हीच नस पकडली. 1963 साली अँजिकोस या गावी त्यांच्या पद्धतीने सुमारे तीनशे मजुरांना चाळीस तासांत लिहिता-वाचता करण्याचा कार्यक्रम झाला. पहिले धडे नेहमीच्या बाराखडीचे नव्हते; त्या माणसांच्या रोजच्या कामातला, बोलण्यातला एखादा शब्द घ्यायचा, त्यावर बोलायचे, आणि मग तो फोडून अक्षरे शिकवायची. पुढच्याच वर्षी तिथे लष्करी सत्ता आली आणि फ्रेरींना तुरुंगात टाकले. अक्षराला सत्ता किती भिते ते यावरून दिसते.

आता आपल्याकडच्या एका मोठ्या कामाविषयी. 1959 साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि 1961 नंतर ती राज्यभर पसरली. तिची खुबी अशी की, एकेका माणसाला न धरता तिने सबंध गावाला धरले. आपले गाव साक्षर करायचे अशी गावाने शपथ घ्यायची, चार महिने वर्ग चालवायचे, आणि काम फत्ते झाले म्हणजे ग्रामगौरवाचा समारंभ. गावाच्या इभ्रतीचा प्रश्न झाल्यावर घरी बसणारा माणूसही लाजेकाजेने वर्गात येई. पण समारंभ झाला, तोरणे उतरली, आणि मग? वाचायला घरात काही नाही, लिहायला कारण नाही. पुष्कळ नवसाक्षर पुन्हा अंगठ्यावर आले. न वापरलेली विळी जशी गंजते, तसेच अक्षराचे आहे. म्हणून चार महिन्यांच्या वर्गाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, पाचव्या महिन्याचे महत्त्व.

पुढे 1978 साली राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला, 1988 साली राष्ट्रीय साक्षरता मिशन आले, 2022 पासून नवभारत साक्षरता कार्यक्रम आला. त्याच्या कागदपत्रांत तर ‘प्रौढ शिक्षण’ हा शब्दच बदलून ‘सर्वांसाठी शिक्षण’ असा केला आहे. नाव बदलले, ठीक आहे. 1951च्या जनगणनेत देशात शंभरांत अठरा माणसे साक्षर होती, 2011 साली त्र्याहत्तर झाली. उरलेल्यांत बायका अधिक, हे सांगायला नकोच.

तुमच्यापैकी कुणी असा वर्ग घेत असेल किंवा घेणार असेल, तर पहिल्या दिवशी पुस्तक उघडू नका. आलेल्या प्रत्येकाला विचारा, ‘तुम्हाला पहिल्यांदा काय वाचावंसं वाटतं?’ कुणी एसटीची पाटी म्हणेल, कुणी औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, कुणी सातबारा, कुणी मुलाचा निरोप. धडा तिथूनच सुरू करा. चुकल्यावर सर्वांदेखत दुरुस्त करू नका. जवळ जाऊन हळूच सांगा. वर्गाची वेळ त्यांना ठरवू द्या, आणि सुगीचे दिवस आले म्हणजे खुशाल पंधरा दिवस सुट्टी द्या. बाके लहान पोरांची असतील तर ती बाजूला सारून सतरंजी अंथरा. आणि कुणी चार दिवस आले नाही, तर हजेरीपटावर फुली मारण्यापूर्वी त्यांच्या घरी एक चक्कर टाका. बहुधा घरात कुणी आजारी असते, नाहीतर वर्गात कुणीतरी काहीतरी बोललेले असते.